गोपाल सारांच्या दोन फ्लॉप्या

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कापसाच्या जिनिंगचे मालक, सन्माननीय चंपतराव पटेल. बोथहून आणि भैंशाहून वेळात वेळ काढून आलेले व्यापारी पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे सुपरवायझर गोपाल सार. त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलेल्या आमच्या कौशल्या काकू. आणि समोर खुर्च्यांवर बसलेल्या, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

मी मयूरी. जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. इथल्या बहुतेकांना मी देवकाबाईची पोरगी म्हणूनच ठाऊक आहे. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगते, गेल्या सीझनला आपल्या जिनिंगला आग लागली, त्यात रुईच्या गोडाऊनमध्ये झाडलोट करणारी एक बाई जळून गेली. ती देवकाबाई. माझी आई.

आज मला बोलायला काऊन उभं केलं, हे मला कळत नाही असं कोणी समजू नये. गेलेल्या बाईची सख्खी पोरगी उठून सारांबद्दल चार बरे शब्द बोलली, की गोष्ट मिटली. फोटो निघाला, चहा झाला, सगळे आपापल्या घरी. त्यासाठी मला भाषण लिहूनही दिलं आहे. हे बघा. कागद चांगला आहे, अक्षरही सुरेख आहे. यात 'प्रदीर्घ सेवा' आहे, 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने' आहे, आणि 'मनमिळाऊ स्वभाव' आहे.

गोपाल सार आणि मनमिळाऊ! पाहा, मागच्या ओळीत बाया तोंडाला पदर लावून हसून राह्यल्या. अहो, हा माणूस फाटकावर बिडीचा वास आला तरी अंगावर धावून जायचा. एका मोठ्या पाहुण्याच्या खिशातला लायटर काढून त्यांनी नालीत फेकला होता, आणि वर म्हणाले होते, "जाताना दुकानातून नवा घेऊन जा, पण इथं नाई." पटेल, तुमचेच पाहुणे होते ते. तेव्हा तुम्ही हसला होतात, आणि म्हणाला होतात की असा माणूस आहे म्हणून मी घरी निवांत झोपतो. तो कागद मी खाली ठेवते. मला जे ठाऊक आहे ते मी सांगते, आणि थोडं सावकाश सांगते, कारण रागात माझं बोलणं फार भराभर होतं.

कापसात आगीची भीती किती, हे इथं कोणाला सांगायला नको. कापसासोबत एखादा खडा येतो, तारेचा तुकडा येतो, मशीनच्या दातांवर आपटतो आणि ठिणगी उडते. ती ठिणगी सरकी निघालेल्या रुईसोबत पत्र्याच्या मोठ्या पाइपातून ओढली जाते आणि थेट गोडाऊनमधल्या ढिगात जाऊन बसते. म्हणून आपल्या पाइपात ठिणगी पकडणारं यंत्र बसवलं आहे. आपण सगळे त्याला 'डोळा' म्हणतो. डोळ्याला ठिणगी दिसली की पाइपाची झडप उघडते, रुई बाहेर अंगणात पडते आणि मशीन बंद होते. हा डोळा ज्या कॉम्प्युटरवर चालतो तो फार जुना आहे. डोळ्याचं कार्ड त्याच कॉम्प्युटरात बसतं, आणि ते कार्ड बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. नवीन यंत्र घ्यायचं दर सीझनला ठरायचं आणि दर सीझनला पुढं ढकललं जायचं. हा टोमणा नाही, जे होतं ते सांगितलं.

मग एकदा त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आजारी पडली, आणि सारांनी डोळ्यासाठी फ्लॉपी तयार केली. आता पोरांना फ्लॉपी ठाऊक नसेल. तळहाताएवढी चपटी, चौकोनी वस्तू. वरचं पत्र्याचं झाकण सरकवलं की आत काळी चकती दिसते. कॉम्प्युटर मेला की ही फ्लॉपी घालायची आणि तिच्यावरून त्याला उठवायचा. अशा फ्लॉप्या बाजारातही मिळायच्या, पण बाजारच्या फ्लॉपीला आपला डोळा ओळखू येत नव्हता. कॉम्प्युटरच्या आत एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. डोळ्याला ओळखणारा पुरा कर्नल फ्लॉपीत मावेना. म्हणून सारांनी स्वतःच तो नव्यानं बांधला. त्यातून आवाज काढला, प्रिंटर काढला, इंटरनेट काढलं. मी तेव्हा आदिलाबादला कॉलेजात शिकत होते, सुट्टीत आईचा डबा घेऊन जिनिंगवर यायची आणि त्यांच्या पाठीमागे उभी राहून बघायची. मी विचारलं, "सार, इतकं काऊन काढून टाकून राह्यले?" तर म्हणाले, "लग्नाले जाताना सामान नेतो तसं नाई पोरी, दवाखान्यात जाताना नेतो तसं न्याचं. डोळ्यानं पाहणं आन झडप उघडणं. बाकी काई नाई."

फ्लॉपी तयार झाली त्या दिवशी सारांनी सगळ्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. फ्लॉपी आत सारली. कुर्र कुर्र आवाज झाला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, आणि पाइपावरचा हिरवा दिवा लागला. बायांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आईनं विचारलं, "ह्याच्यात काय हाये सार?" सार खुशीत होते. कधी नव्हे ते. म्हणाले, "देवकाबाई, सरकीत मगज असते ना, तशी ह्या डोळ्याची मगज हाये ही. डोळ्याचा जीव हाये ह्याच्यात." आईनं तिथंच फ्लॉपीला हात जोडले. सारांनी आणखी एक तशीच फ्लॉपी बनवली, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून, आणि दोन्ही केबिनच्या कपाटात एका डबीत ठेवल्या.

आता माझी आई कशी होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दसऱ्याला आपल्या जिनिंगमध्ये यंत्रांची पूजा होते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, सगळं होतं. हळदकुंकू लावायचा मान मात्र आईचा. पटेल स्वतः म्हणायचे, देवकाबाईचा हात लागल्याशिवाय माझी मशीन चालत नाही, काही सोडू नको बाई, सगळ्याला लाव. आणि आईची एक खोड होती. बयना मावशी, तुम्ही इथं तिच्यासोबत काम केलं, तुम्हाला आठवते ना? ती वरवर कधी कुंकू लावायची नाही. घरचा विळा असला तर मुठीला नाही, पात्याला लावायची. शिलाई मशीनला लावायचं तर सुईच्या दांडीला. जात्याची वरची पाळ उचलून आतून लावायची. मी चिडायची, पीठ लाल होतं म्हणून. ती म्हणायची, "जे काम करते त्याले लावा लागते. झाकणाले लावून काय करतं माय?"

काही जणांच्या आत्ताच ध्यानात आलं. बयना मावशी, तुम्ही रडू नका. मला पुरं करू द्या.

गेल्या दसऱ्याला आईनं डबी उघडली, फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवलं, आणि आतल्या काळ्या चकतीवर ओलं कुंकू लावलं. डोळ्याचा जीव होता ना तो. आणि एकीला लावलं, दुसरीला नाही, असा दुजाभाव तिनं आयुष्यात केला नाही. दोन्ही फ्लॉप्यांना लावलं, झाकणं परत सरकवली, डबी कपाटात ठेवली. बाहेरून डाग नाही, काही नाही.

दिवाळीनंतर सीझन सुरू झाला. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार हायवेपर्यंत गेली होती. आणि त्याच दिवशी सकाळी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कायमची गेली. सारांनी पहिली फ्लॉपी घातली. खर्र आवाज आला आणि वाचता येत नाही म्हणून पडद्यावर अक्षरं आली. दुसरी घातली. तेच. कुंकवानं फ्लॉपी वाचणारा ड्राइव्हही खराब झाला. सारांनी ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह काढून इकडं बसवला आणि त्यात बाजारची साधी फ्लॉपी घातली. कॉम्प्युटर उठला. पडद्यावर अक्षरं आली. पण हिरवा दिवा काही लागला नाही. कॉम्प्युटर चालू होता आणि डोळा आंधळा होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. पुढचं बयना मावशींनी केबिनच्या दारात उभं राहून ऐकलं, आणि त्यांची परवानगी घेऊन मी सांगते आहे. सार म्हणाले, "पटेल, मले दोन दिवस द्या. कर्नल पुन्हा बांधा लागते. तवरक मशीन नाई चालवता येत." पटेल म्हणाले, "पडद्यावर अक्षरं दिसून राह्यली, चालू त हाये की!" सार म्हणाले, "कॉम्प्युटर चालू हाये, डोळा नाई." पटेल म्हणाले, "डोळा नव्हता तवा माह्या बापानं जिनिंग चालवली नाई काय? बाहेर गाड्या उभ्या हायेत. चालू करा." सारांनी मेन स्विचची चावी खिशात घातली आणि म्हणाले, मी नाही करत. तेव्हा दुसरी चावी ऑफिसातून मागवली गेली आणि मशीन चालू झाली.

पटेल, मी काही चुकीचं सांगत असेन तर मध्येच थांबवा. मी थांबते.

नाही? बरं.

मग सारांनी काय केलं? घरी निघून गेले? नाही. ते केबिन सोडून पाइपाजवळ जाऊन उभे राहिले. झडपेचा दांडा हातात धरून, पाइपाला बसवलेल्या काचेतून आत बघत. यंत्राचा डोळा गेला म्हणून स्वतःचे डोळे लावून बसले. मला सांगा, माणसाच्या नजरेला वाऱ्यासोबत उडणारी ठिणगी किती वेळ दिसणार? त्यांना ती दिसली, हेच नवल. त्यांनी दांडा ओढला, झडप उघडली, पण तोवर ठिणगी पुढं गेली होती. माझी आई गोडाऊनमध्ये झाडू मारून राह्यली होती. सार आत शिरले. हातांनी जळती रुई बाजूला करत तिच्यापर्यंत पोचले, तिला बाहेर काढलं. पण काय उपयोग! दवाखान्यात नेताना वाटेतच, गुडीहत्नूरच्या अलीकडे, ती गेली. मघाशी सारांना हार घातला तेव्हा त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. तुम्ही पाहिलं असेल, त्यांचे हात पुरते जुळत नाहीत. बोटं मिटत नाहीत आता.

चौकशी झाली. चौकशीत काय ठरलं ते फाटकावरच्या फळ्यावर कित्येक दिवस लावलं होतं. सुपरवायझरच्या हलगर्जीपणामुळे आग लागली, आणि घटनेच्या वेळी सुपरवायझर आपल्या जागेवर नव्हता. जागेवर नव्हता! कुठं होता, हे कोणी विचारलं नाही. आणि सारांनी बयान दिलं की फ्लॉप्या माझ्या ताब्यात होत्या, त्या खराब झाल्या, जबाबदारी माझी. झालं. गावात लोक काय म्हणू लागले, ते मी इथं सभेत कसं सांगू? पण सांगते. 'गोपालनं बाई जाळली' असं म्हणाले. संक्रांतीला कौशल्या काकूंनी हळदीकुंकवाचं बोलावणं घरोघर जाऊन केलं, आणि त्यांच्या घराची पायरी एकही बाई चढली नाही. वाणाची भांडी तशीच राहिली. आता या भागातल्या एकाही जिनिंगमध्ये सारांना कोणी कामावर घेत नाही. म्हणून ते जाऊन राह्यले, आणि म्हणून हा समारंभ आहे. स्वेच्छा वगैरे काही नाही, प्रकृती वगैरेही काही नाही.

मला हे कसं कळलं? गेल्या आठवड्यात सारांच्या कपाटाचा चार्ज मला घ्यायला सांगितला. कपाटात मागच्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दोन फ्लॉप्या होत्या. मी सहज एकीचं झाकण सरकवलं. काळ्या चकतीवर लाल ठिपका वाळलेला होता, आणि यंत्रात फिरल्यामुळे त्याची गोल रेघ उठली होती. दुसरीवरही तसंच. अहो, जिनं जात्याच्या आत लावलेलं कुंकू लहानपणापासून पुसलं, तिला हा हात कोणाचा हे सांगायला चौकशी साहेब लागतो काय? मला आधी आईचाच राग आला, खोटं काऊन बोलू? अव माय, वरून लावलं असतं तर काय झालं असतं तुझं!

मग मी सारांच्या घरी गेले आणि फ्लॉप्या त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. म्हणाले, "तुले कशा सापडल्या? फेकून द्याच्या होत्या, माह्यानं झालं नाई." मी विचारलं, तुम्ही चौकशीत हे सांगितलं काऊन नाही? पटेलांनी मशीन चालू करायला लावली, ते तरी सांगायचं. तर म्हणाले, "ते सांगतलं असतं त त्यायनं फ्लॉपी मागतली असती. फ्लॉपी पाह्यली असती त म्हणले असते, बाईच्याच हातानं बाई मेली. इथं खेळ खतम. मेलेल्या माणसाले बोलता येत नाई पोरी. मी जित्ता हाव, मी आयकून घेतो." आणि वर म्हणाले, "डोळ्याचा जीव हाये असं मीच तिले सांगतलं होतं ना. तिनं आयकलं."

कौशल्या काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. संक्रांतीला रिकाम्या घरात बसून राहिल्या, तेव्हाही ठाऊक होतं. आणि आता ही माणसं माझ्या आईचं नाव झाकून, स्वतःच्या नावावर काजळी घेऊन या गावातून उठून जाणार? सारांनी मला शपथ घातली होती की हे बोलायचं नाही. सार, तुमची शपथ मी मोडली आहे. तुम्ही रागवा. तुमच्या रागावण्याची मला सवय आहे.

तर मंडळी, ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आता खुशाल म्हणावं. होय, कुंकू माझ्या आईनंच लावलं. फ्लॉप्या तिच्या हातानं बिघडल्या. तिची चूक झाली, आणि मी तिची पोरगी ती चूक सगळ्यांसमोर कबूल करते. आता तिचं काही झाकायचं राहिलं नाही. पण कुंकवानं डोळा बंद पडला एवढंच झालं. डोळा बंद आहे, हे कुंकवानं कोणापासून लपवलं नव्हतं. हिरवा दिवा विझलेला सगळ्यांना दिसत होता. सारांनी तोंडानं सांगितलं होतं, चावी दिली नव्हती. त्या सकाळी मशीन नुसती उभी राहिली असती, तर माझी आई संध्याकाळी घरी येऊन, कुंकवाच्या पायी माझ्याकडून दोन शिव्या ऐकून, भाकरी खाऊन झोपली असती. मग तिला कोणी मारलं? हे मी विचारत नाही. मला त्याचं उत्तर ठाऊक आहे, आणि आता तुम्हालाही ठाऊक झालं.

समारंभाची वेळ झाली आहे, पाहुण्यांना लांब जायचं आहे. मी आवरतं घेते. हॉलची व्यवस्था करणाऱ्यांचे, माईकवाल्यांचे, सकाळपासून स्वयंपाकाला राबणाऱ्या बायांचे मी आभार मानते. बयना मावशी, तुम्ही काम जाईल याची भीती सोडून मला परवानगी दिली, तुमचे पाय धरते. सार, तुम्ही मला कॉम्प्युटर शिकवला, आणि त्याहून मोठं जे केलं त्याला आभार हा शब्द पुरत नाही. इथं येण्याआधी मी आईचा करंडा घेऊन कौशल्या काकूंकडे गेले होते. त्यांच्या कपाळावर आत्ता जे कुंकू दिसतं ते त्या करंड्यातलं आहे. आणि पटेल, तुमचेही आभार, कारण बोलायला तुम्हीच उभं केलंत. उद्या मला ऑफिसात यायचं नाही, हे मी समजून आहे.

आता पुढचा कार्यक्रम अध्यक्षांच्या हस्ते शाल आणि नारळ देण्याचा आहे. माझी एक दरखास्त आहे. पटेल, शाल नंतर घाला. त्याआधी फक्त एवढं बोला, की मशीन गोपालनं नाही, मी चालू करायला लावली. सारांना पुढच्या गावी सोबत न्यायला तेवढं पुरे. शाल नसली तरी चालेल.

बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखलं असेल तर मी माफी मागते. माझ्या आईच्या हातून जे झालं त्याचीही, ती आता मागू शकत नाही म्हणून, तिच्या वतीनं मीच माफी मागते. आणि ज्यांना स्वतःच्या तोंडानं मागता येते, त्यांच्यासाठी हा माईक मी अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवून जाते. चालू आहे.